सर्व्हर बंद होत नाही? आधी आत कोण बसलंय ते बघा



दुकानाच्या किंवा घरच्या छोट्या सर्व्हरबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "दादा, सर्व्हर चालू तर मस्त होतो, पण बंद करायला गेलं की अडकतो. पाच-पाच मिनिटं फिरत राहतो. मग मी बटण दाबून धरतो आणि बंद करतो. चालते ना?"

नाही चालत. एक दिवस चालेल, दहा दिवस चालेल, अकराव्या दिवशी तुमची बिलाची फाइल उघडणार नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, माझ्यासोबत झालंय. म्हणून आजचा धडा फक्त एकाच गोष्टीवर: सर्व्हर बंद होताना आत नेमकं काय होतं, तो कुठे अडकतो आणि ते कसं शोधायचं.

माझ्यासोबत काय झालं

माझं दुकान बाभुळगावात आहे. दुकानात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यात ४ टीबीच्या तीन हार्ड डिस्क टाकून मी त्याचा स्टोरेज सर्व्हर केला. त्यावर अनरेड ही सिस्टीम चालते. तीनपैकी एक डिस्क पॅरिटीची, म्हणजे बाकी दोनपैकी एखादी मेली तर तिच्यातला डेटा परत बनवायला लागणारा हिशेब तिच्यात असतो. याच सर्व्हरवर दोन व्हर्च्युअल मशीन चालतात. एकात विंडोज आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात लिनक्स आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. खोका एकच, पण आत दोन वेगळे कॉम्प्युटर बसलेत असं समजा.

महिन्याची १९ तारीख होती. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना माहीत आहे, जीएसटीआर-३बी ची शेवटची तारीख २०. संध्याकाळी लाईन गेली. यूपीएस ओरडायला लागला, थोड्या वेळाने त्याने सर्व्हरला बंद व्हायला सांगितलं. मी निवांत होतो. यूपीएस आहे, आपलं काय बिघडते?

दीड तासाने लाईन आली. सर्व्हर चालू केला तर स्क्रीनवर आलं की मागच्या वेळी तो नीट बंद झाला नव्हता, आणि पॅरिटीची तपासणी आपोआप सुरू झाली. विंडोज उघडलं, बिलिंग उघडलं, तर डेटा फाइल खराब. दुपारी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला होता म्हणून वाचलो. पण दुपारनंतरची सगळी बिलं कार्बन कॉपीवरून रात्री बसून परत टाकावी लागली.

यूपीएस होता, बॅटरी चांगली होती, सिस्टीममध्ये काही दोष नव्हता. चूक माझी होती. सर्व्हर बंद व्हायला किती वेळ लागतो, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

शटडाऊन म्हणजे दुकान वाढवणं

आपण रात्री दुकान वाढवतो तेव्हा काय करतो? आधी आतल्या गिऱ्हाइकाचं उरकतो. मग गल्ला मोजतो. मग बाहेर मांडलेला माल आत घेतो. मग दिवे बंद, मग शटर, मग कुलूप. गिऱ्हाईक आत असताना कोणी शटर ओढत नाही.

सर्व्हरचंही तसंच आहे. बंद होण्याचा क्रम साधारण असा असतो:

१. व्हर्च्युअल मशीनना "बंद व्हा" असा निरोप जातो.
२. डॉकरचे कंटेनर थांबतात.
३. नेटवर्कवर शेअर केलेले फोल्डर बंद होतात.
४. हार्ड डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं आणि डिस्क सोडल्या जातात.
५. शेवटी खोका बंद होतो.

यात प्रत्येक पायरीला ठरावीक वेळ दिलेला असतो, त्याला टाइमआउट म्हणतात. तेवढ्या वेळात काम झालं नाही तर सिस्टीम वाट पाहणं सोडते आणि जबरदस्तीने बंद करते. अनरेडमध्ये आपण काही बदललं नसेल तर कंटेनरला १० सेकंद, व्हर्च्युअल मशीनला ६० सेकंद आणि सगळा कारभार मिळून ९० सेकंद असा वेळ असतो. प्रॉक्समॉक्स वापरत असाल तर तिथे प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला १८० सेकंद दिलेले असतात.

आता विचार करा. माझ्या विंडोजला बंद व्हायला दोन मिनिटं लागत असतील आणि मी दिलेत ६० सेकंद, तर काय होणार? चालू विंडोजची वायर उपटल्यासारखं होणार. यूपीएस असूनही माझी फाइल अशीच गेली.

शोध कसा घ्यायचा: दिवसाउजेडी, हातात घड्याळ घेऊन

लाईन जाण्याची वाट पाहू नका. रविवारी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, आधी बॅकअप घेऊन ही चाचणी करा.

*पहिली पायरी: सर्व्हर बंद करू नका, फक्त अ‍ॅरे थांबवा.* अनरेडच्या मेन पानावर "स्टॉप" बटण आहे. त्याने वरच्या पहिल्या चार पायऱ्या होतात, पण खोका चालूच राहतो. फायदा असा की कुठे अडकलं ते तुम्हाला स्क्रीनवर दिसतं. पूर्ण शटडाऊन केला तर स्क्रीनच जाते, मग बघणार काय? मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि किती वेळ लागला तो वहीत लिहा.

*दुसरी पायरी: एकेक मशीन वेगळं तपासा.* सगळं परत चालू करा. मग फक्त विंडोजच्या मशीनला बंद करण्याचा आदेश द्या आणि वेळ मोजा. मग फक्त लिनक्सच्या मशीनला. दोन्ही वेळ लिहा. इथे "फोर्स स्टॉप" दाबायचं नाही, साधं "स्टॉप" दाबायचं. फोर्स स्टॉप म्हणजे वायर उपटणं.

*तिसरी पायरी: नोंदी वाचा.* टूल्समध्ये सिस्टीम लॉग आहे. डिस्क किंवा शेअर सुटत नसेल तर तिथे पुन्हा पुन्हा "रीट्राय अनमाउंटिंग" अशी ओळ येते. याचा अर्थ कोणीतरी फोल्डर धरून बसलंय. आणि आधी कधी सर्व्हर जबरदस्तीने बंद झाला असेल तर ज्या पेन ड्राइव्हवरून अनरेड चालू होतं, त्यातल्या लॉग्जच्या फोल्डरमध्ये त्या वेळच्या नोंदींची झिप फाइल ठेवलेली असते. मदत मागताना कोणालाही "बंद होत नाही" एवढंच सांगू नका, ती फाइल दाखवा.

माझ्या चाचणीत दोन चोर सापडले, आणि दोघांनी वेगवेगळं नुकसान केलं होतं.

पहिला चोर विंडोजमध्ये. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बिल अर्धवट टाकलेलं राहायचं. बंद होण्याचा निरोप आला की ते विचारायचं, "सेव्ह करायचं का?" उत्तर द्यायला समोर कोणीच नाही, त्यामुळे विंडोज तिथेच थांबायचं. ६० सेकंद झाले की जबरदस्तीने बंद. यात बिलाची फाइल गेली.

दुसरा चोर मी स्वतः. माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हरचं टर्मिनल उघडून मी शेअरच्या फोल्डरमध्ये गेलो होतो आणि ती खिडकी तशीच उघडी ठेवली होती. टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं आहे म्हणजे फोल्डर वापरात आहे, म्हणून डिस्क सुटेना. ९० सेकंद संपले, सगळंच जबरदस्तीने बंद. यातून पॅरिटीची तपासणी गळ्यात पडली. ४ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १५० एमबीने वाचली तरी सात तासांच्या वर लागतात, आणि तेवढा वेळ सर्व्हर मंद चालतो.

म्हणून सांगतो, "सर्व्हर अडकतो" हा एक आजार नाही. ताप आला म्हणजे आजार कळला असं होत नाही ना, तसंच हे आहे.

नेहमी सापडणारी कारणं आणि त्यांचे उपाय

*विंडोजला निरोपच ऐकू येत नाही.* सर्व्हर व्हर्च्युअल मशीनचं पॉवर बटण दाबल्यासारखं करतो. पण विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाचं काम "स्लीप" किंवा "काहीच करू नका" असं ठेवलेलं असेल तर ते बंद होणार कसं? तिथे "शट डाउन" करा. मशीन आपोआप झोपी जाण्याची सेटिंगही "नेव्हर" करा. झोपलेल्या मशीनला हाक ऐकू जात नाही.

*विंडोज सर्व्हर आवृत्ती असेल तर.* कोणी लॉगिन केलेलं नसताना बंद होण्याची परवानगी त्यात मुळात दिलेली नसते. लोकल सिक्युरिटी पॉलिसीमध्ये जाऊन ती द्यावी लागते. साध्या विंडोज १० किंवा ११ मध्ये ही अडचण सहसा येत नाही.

*गेस्ट एजंट टाकलेला नाही.* क्यूईएमयू गेस्ट एजंट नावाचा छोटा प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनच्या आत टाकायचा असतो. विंडोजसाठी तो व्हर्टआयओ ड्रायव्हरच्या आयएसओ फाइलमध्येच मिळतो. तो असला की सर्व्हर नुसतं बटण दाबत नाही, आतल्या माणसाशी थेट बोलतो. प्रॉक्समॉक्सवाल्यांनी एक खोच लक्षात ठेवा: सेटिंगमध्ये एजंट चालू केला पण आत टाकलाच नाही, तर सर्व्हर नसलेल्या माणसाला हाका मारत बसतो आणि शेवटी टाइमआउट होतो. दोन्हीकडे हवा, नाहीतर दोन्हीकडे नको.

*"हायबरनेट" निवडलेलं आहे.* अनरेडच्या व्हीएम मॅनेजरमध्ये सर्व्हर बंद होताना व्हर्च्युअल मशीनचं काय करायचं ते विचारलं जातं. हायबरनेटसाठी आत गेस्ट एजंट लागतोच. सुरुवातीला साधं "शटडाउन" ठेवा.

*विंडोज अपडेट.* बंद होताना अपडेट बसायला लागलं की दहा मिनिटंही लागू शकतात. अपडेट आपल्या सोयीच्या वेळी, लाईन आणि वेळ दोन्ही असताना, स्वतः करून घ्या.

*सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवरच टेकलेला आहे.* हा फार फसवा प्रकार. समजा लिनक्सच्या मशीनमधला एक फोल्डर तुम्ही नेटवर्कने सर्व्हरला जोडलाय. बंद होताना आधी मशीन जातं. मग सर्व्हर तो फोल्डर सोडायला जातो, पण पलीकडे उत्तर द्यायला कोणी नाही, म्हणून वाट बघत बसतो. जोडणी नेहमी उलटी ठेवा: फोल्डर सर्व्हरवर, वापरणारं मशीन त्याच्या आत.

वेळ कसा ठरवायचा

याचा एकच नियम आहे, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आतला वेळ सगळ्यात कमी, बाहेरचा त्याहून जास्त, आणि बॅटरीचा सगळ्यात जास्त.

माझे आकडे सांगतो. दोन्ही चोर हाकलल्यावर विंडोजला ५५ सेकंद लागतात आणि पूर्ण अ‍ॅरे थांबायला १ मिनिट ५० सेकंद. म्हणजे सगळं नीट चालत असतानाही मूळचे ९० सेकंद मला पुरत नव्हतेच. आता मी व्हीएम मॅनेजरमध्ये व्हर्च्युअल मशीनला १८० सेकंद दिलेत. डिस्क सेटिंग्जमधला एकूण शटडाउन टाइम-आउट ३०० सेकंद ठेवलाय. एकूण वेळ कधीही आतल्या वेळापेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर आतला वेळ वाढवून काहीच उपयोग नाही. गिऱ्हाइकाला म्हणायचं, "बसा अर्धा तास", आणि दहा मिनिटांत शटर ओढायचं, असं होईल.

"मग सरळ अर्धा तास देऊन टाकू का?" असंही विचारतात. नका देऊ. अर्धा तास दिला तर बॅटरी आधी मरेल, आणि खरा बिघाड असेल तर तो लपून राहील. मोजलेल्या वेळेच्या दुप्पट-तिप्पट, एवढंच पुरेसं.

यूपीएसचा हिशेब

यूपीएस नुसता असून चालत नाही, तो सर्व्हरशी बोलला पाहिजे. त्यासाठी यूपीएसला यूएसबी पोर्ट हवं आणि ती वायर सर्व्हरला जोडलेली हवी. अगदी स्वस्त यूपीएसला हे पोर्ट नसतं, घेताना मागून बघून घ्या. घरचा इन्व्हर्टरही साधारणपणे सर्व्हरला काही कळवत नाही. तो फक्त लाईन देत राहतो आणि बॅटरी संपली की एकदम अंधार.

अनरेडच्या यूपीएस सेटिंग्जमध्ये तीन अटी असतात: बॅटरी किती टक्के उरली, किती मिनिटं उरली, आणि बॅटरीवर येऊन किती वेळ झाला. तीनपैकी जी आधी पूर्ण होईल, तेव्हा शटडाऊन सुरू होतो. मी तिसरी अट ३ मिनिटांवर ठेवलीय. आमच्याकडे पुष्कळदा लाईन जाते आणि मिनिटाभरात येते, तेवढ्यासाठी सर्व्हर बंद कशाला करायचा?

आता बेरीज करा. ३ मिनिटं वाट पाहण्याची, जास्तीत जास्त ५ मिनिटं बंद होण्याची. झाली ८. म्हणजे यूपीएसने पूर्ण लोडवर निदान १२ ते १५ मिनिटं तग धरली पाहिजे. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. आधी सर्व्हर नीट बंद करा. मग तेवढ्याच वॅटचे बल्ब यूपीएसला लावा, त्याचा प्लग काढा आणि किती मिनिटं चालतो ते मोजा. उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४० च्या वर असतो आणि उष्णतेने या बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. म्हणून ही चाचणी दर सहा महिन्यांनी, त्यातली एक उन्हाळा संपल्यावर.

आणि राउटर यूपीएसवर घ्यायला विसरू नका. राउटर बंद पडला की तुम्ही मोबाइलवरून सर्व्हरचं पान उघडून काय चाललंय तेही बघू शकत नाही.

"हे आपल्या खेड्यापाड्याचं, शहरात काय गरज?" असं कोणी म्हटलं तर त्याला १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवून द्या. त्या दिवशी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. लाईन कुठेही जाते. तयारी आपली आपण ठेवायची.

तरीही अडकलाच तर

घाई करायची नाही. या क्रमाने जा:

१. पॉवर बटण एकदाच, हलकं दाबा. दाबून धरू नका. हलकं दाबणं म्हणजे "नीट बंद हो" असा आदेश, तो सोसतो.
२. ठरवलेला पूर्ण टाइमआउट होईपर्यंत थांबा. घड्याळ बघा, अंदाज नको.
३. मोबाइलवरून सर्व्हरचं पान उघडतंय का बघा. उघडलं तर कोणतं मशीन अजून चालू आहे ते दिसेल. त्याच्या आत जाऊन, उघडी फाइल सेव्ह करून, आतूनच बंद करा.
४. तेही जमलं नाही तर फक्त त्या एका मशीनला फोर्स स्टॉप द्या. एका मशीनचं नुकसान हे सगळ्या डिस्कच्या नुकसानापेक्षा परवडतं.
५. काहीच हलत नसेल, आणि डिस्कचा दिवाही लुकलुकत नसेल, तरच बटण दाबून धरा. परत चालू केल्यावर पॅरिटीची तपासणी सुरू झाली तर ती पूर्ण होऊ द्या. कंटाळून मध्येच थांबवू नका.

धंद्याच्या नजरेने बघा

मित्रांनो, तुम्ही म्हणाल की हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आम्हाला काय करायचं? जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं सांभाळाव्या लागतात. तुमच्या सर्व्हरमध्ये गाणी-सिनेमे नाहीत, तुमची सहा वर्षांची चोपडी आहे. आणि पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे. खराब झालेली फाइल पॅरिटीच्या दृष्टीने तेवढीच खरी असते. माझी फाइल पॅरिटीने नाही, ४०० रुपयांच्या पेन ड्राइव्हने वाचवली.

दुसरी गोष्ट. कृषी केंद्र, मेडिकल, फोटो स्टुडिओ, सेतू केंद्र, प्रत्येकाकडे आता कॉम्प्युटर आणि कॅमेरे आहेत. सर्व्हर बसवून देणारे पुष्कळ मिळतात. "लाईन गेल्यावर तुमचा डेटा वाचतो का, ते तुमच्यासमोर प्लग काढून दाखवतो," असं म्हणणारा क्वचितच भेटतो. बसवून देताना ही चाचणी करा, मोजलेले वेळ एका कागदावर लिहा, तारीख टाका, सही करा आणि तो कागद सर्व्हरवर चिकटवा. सहा महिन्यांनी परत जा. त्या फेरीचे पैसे मागायला लाज वाटायचं कारण नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

आधी बॅकअप. मग वहीत चार ओळी लिहा: विंडोज बंद व्हायला किती सेकंद, बाकीच्या मशीनना किती, पूर्ण अ‍ॅरे थांबायला किती, आणि यूपीएस किती मिनिटं टिकला. चारही आकडे मोजलेले हवेत, आठवणीतले नकोत. ते चढत्या क्रमाने नीट बसत असतील तर रात्री लाईन गेली तरी शांत झोपा. बसत नसतील तर कुठे हात घालायचा ते तुम्हाला कळलंच आहे.

दुकान वाढवायला आपण रोज अर्धा तास देतो. सर्व्हरला पाच मिनिटं द्या.

भेटू पुढच्या धड्यात.